मे महिन्यात नसलेला माणूस

समाधान,

तुझ्यावर लिहिते आहे. तुला विचारलं नाही. विचारलं असतं तर तू "कशाला, बाई?" म्हणाला असतास, मी गप्प बसले असते, आणि दिवाळी अंकवाल्यांना कुणा तरी तबलजीवर चार पानं खरडून दिली असती. त्यांना यंदा साधी माणसं हवी आहेत. "मोठी खूप झाली हो मॅडम," असं फोनवरची मुलगी म्हणाली. मी म्हटलं, माझ्याकडे एक आहे.

पत्र म्हणून लिहायला बसले खरी, पण 'तू' म्हटलं की मला तुला रागवावंसं वाटतं. तुला रागवायचा माझा हक्क कितपत शिल्लक आहे, ते शेवटी येईलच. म्हणून यापुढे तुला 'तो' म्हणणार आणि मला 'बाई'. कॉलेजचं नाव घातलेलं नाही, घालणारही नाही. तुझं काम मला समजलं तसं लिहिलं आहे. चुकलं असेल तर चूक माझी, तू समजावलं होतंस नीट.

आता ऐक.

समाधान भीमराव ओव्हाळ २००६ च्या जूनमध्ये कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये लागला. तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. अंगाने काटक, चौकडीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. पद लॅब असिस्टंट, हंगामी. ऑर्डर अकरा महिन्यांची, एक जून ते तीस एप्रिल. मे महिन्यात तो नोकरीत नसे. एक जूनला पुन्हा नवी ऑर्डर, मजकूर तोच, तारखा तेवढ्या नव्या. मध्ये महिनाभर खंड ठेवला की माणसाला कायम करायचा प्रश्न येत नाही, अशी ऑफिसची समजूत. स्टाफरूममध्ये याला 'ब्रेक देणे' म्हणत. ब्रेक मिळालेल्या माणसाने मे महिन्यात गावाला जावं, आंबे खावेत, आणि जूनमध्ये ताजातवाना होऊन परत हंगामी व्हावं.

समाधानला गावाला जाता येत नसे. लॅबचं वर्षातलं सगळ्यांत मोठं काम नेमकं मे महिन्यातच असे.

लॅबमध्ये चाळीस मशीन होती. वर्षभर पोरं त्यांची जी दशा करत, ती करत. व्हायरस, गेम, कुणाच्या ताईच्या लग्नाचे सहाशे फोटो. एकेक मशीन साफ करत बसलं तर जुलै उजाडेल. म्हणून समाधान एकच मशीन घ्यायचा, दाराजवळचं पहिलं, ते मास्टर. ते कोरं करून त्यावर सगळं नव्याने बसवायचा, मराठी फॉन्टपासून बाईंच्या स्टॅटिस्टिक्सच्या पॅकेजपर्यंत. चार दिवस तपासायचा. मग त्याची अख्खी डिस्क, पहिल्या कणापासून शेवटच्या कणापर्यंत, एका फाइलीत उतरवून घ्यायचा. त्या फाइलीला म्हणायचं इमेज. ती इमेज बाकीच्या एकोणचाळीस मशीनमध्ये ओतली की चाळीस मशीन जुळी भावंडं.

हे सगळं काळ्या पडद्यावर, कमांड टाइप करून. एका ओळीत दोन नावं लिहायची, कोणत्या डिस्कवरून आणि कोणत्या डिस्कवर. ती उलटी पडली तर रिकामी डिस्क भरलेलीवर ओतली जाते, आणि मशीन 'नक्की का?' म्हणून विचारतसुद्धा नाही. म्हणून एंटर मारण्याआधी समाधान पडद्यावर बोट ठेवून मोठ्याने वाचायचा. "कुठून? एसडीए. कुठे? एसडीबी." मग पुन्हा एकदा. मग एंटर. पोरं मागून त्याची नक्कल करत. कँटीनमध्ये चहा ओतताना "कुठून? किटली. कुठे? कप," असं चालायचं. त्याला ते ठाऊक होतं. एकदा त्याने चहा ओतणाऱ्याला सांगितलं, "दोनदा वाच. एकदा वाचून सांडतो."

ही सवय वडिलांकडून आली. भीमराव पुणे स्टेशनला रेल्वे टपालाच्या सॉर्टिंगमध्ये होते. पत्र खणात टाकण्याआधी पत्ता ओठांनी दोनदा वाचायचा, हा त्यांचा शिरस्ता. दुसरा शिरस्ता असा की खात्याची सुतळीसुद्धा घरी आणायची नाही. भीमरावांच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली आणि मुलाला शाळेत घातलं. मुलगा सरकारी टपालात लागला. त्या नोकरीला कुणी बोट लावू नये म्हणून भीमराव पस्तीस वर्षं रिकाम्या हाताने घरी आले. समाधाननेही तेच केलं. लॅबमधला एक पेनड्राइव्ह कधी त्याच्या वारज्याच्या घरात गेला नाही.

बाई तेव्हा स्टॅटिस्टिक्सच्या विभागप्रमुख होत्या. २०१२ साली निवृत्त झाल्या, पण लॅब समितीवर राहिल्या, कारण त्यांना 'आता पुरे' असं सांगायला कुणी पुढे आलं नाही. लॅबच्या भिंतीवरची पाटी त्यांची: 'प्रिंटर बिघडला आहे. पुन्हा विचारल्याने सुधारत नाही.' मे महिन्यात त्या अधूनमधून लॅबमध्ये येऊन बसत. घरी उकडतं आणि लॅबमध्ये एसी आहे, हे एक कारण. दुसरं कारण, त्यांना समाधानचं काम बघायला आवडे.

"हे आता काय करतोयस?"

"बाई, मास्टरची डिस्क अडीचशे जीबीची. हे मशीन नवीन आहे, याची पाचशेची. इमेज ओतली तर हे मशीनही समजतं की आपण अडीचशेचेच. उरलेली जागा असते, पण कुणाची नसते."

"मग?"

"मग पार्टिशन वाढवायचं. म्हणजे भिंत पलीकडे सरकवायची. पण नुसती भिंत सरकवून भागत नाही. आतल्या फाइलसिस्टिमला वेगळं सांगावं लागतं की बाई, खोली मोठी झाली, पसरा."

"आणि लहान करायचं असेल तर?"

"तेव्हा उलटं. आधी आतलं सामान आवरून एका बाजूला घ्यायचं, मग भिंत आत आणायची. भिंत आधी आणली तर सामान कापलं जातं."

"आणि उरलेलं?"

"उरत नाही. ते आधीच बघून टाकायचं, काय ठेवायचं नि काय नाही."

इमेज काढण्याआधी तो मास्टर मशीन धुवून घ्यायचा. कोण बसलं होतं, कोणत्या कमांड दिल्या, सगळं पुसायचा. "नाहीतर चाळीस मशीन माझंच नाव सांगत बसतील," असं म्हणायचा. अशी प्रत्येक मे महिन्याची एक इमेज सर्व्हरवर जमा होत गेली. २००७ पासून पुढे, दर वर्षी एक. जुन्या इमेजची कॉलेजला गरज नव्हती, पण सर्व्हरवर जागा होती आणि कुणी काढा म्हटलं नव्हतं.

मे महिन्यात तो नोकरीत नसल्यामुळे मस्टरवर सही नसे. गेटवर वॉचमन त्याला पाहुण्यांच्या रजिस्टरात नाव लिहायला लावी. 'कोणास भेटायचे' या रकान्यात समाधान 'कॉम्प्युटर लॅब' असं लिही. संध्याकाळी बाहेर पडताना त्याची बॅग उघडून बघत. बाईंची पर्स कधी कुणी उघडली नाही. हे बाईंच्या लक्षात यायला सहा वर्षं लागली. लक्षात आल्यावर त्यांनी वॉचमनपुढे आपली पर्स उपडी केली. रुमाल, चष्म्याचं घर, कोथिंबिरीची जुडी. "बघा, मीही चोर असू शकते." वॉचमन ओशाळला. दुसऱ्या दिवसापासून समाधानची बॅग पुन्हा उघडली जाऊ लागली.

२०२० चा मे तेवढा चुकला. तो सगळ्यांचाच चुकला. २०२१ ला ऑनलाइन परीक्षांसाठी लॅब हवी होती. समाधान वारज्याहून सायकलने निघाला. कर्वे पुतळ्यापाशी पोलिसाने अडवून ओळखपत्र मागितलं. त्याने दाखवलं. मुदत तीस एप्रिलला संपलेली.

"हे संपलंय की हो."

"दर वर्षी संपतं, साहेब."

"मग तुम्ही कॉलेजचे नाहीच."

समाधान सायकल वळवून घरी गेला. दुसऱ्या दिवशी बाईंची चिठ्ठी घेऊन त्याच पोलिसापुढे उभा राहिला, आणि त्या वर्षीची इमेज झाली. हे तो सांगायचा तेव्हा गमतीने सांगत नसे, तक्रार म्हणूनही सांगत नसे. नुसतं सांगायचा.

२०२४ च्या मार्चमध्ये संस्थेने ठरवलं की जुन्या हंगामी लोकांपैकी काहींना कायम करायचं. अट एकच, सेवा अखंड हवी. ऑफिसच्या शर्मिला मॅडमनी समाधानला बोलावून अर्ज दिला आणि म्हणाल्या, "भरा, पण आशा ठेवू नका. तुमचे सतरा खंड आहेत. प्रत्येक मे."

"मे महिन्यातच तर मी असतो, मॅडम."

"असता हो. आम्हाला दिसता. कागदावर नसता."

बाईंनी त्याला रणजितकडे नेलं. रणजित बाईंचा विद्यार्थी, मांजरी गावचा. घरचा ऊस होता, आता उसात इमारती उभ्या आहेत. मधल्या काळात तो वकील झाला. पाहुण्यांच्या रजिस्टराचं ऐकून तो हसला. "म्हणजे ओव्हाळ, अठरा वर्षं तुम्ही पाहुणे! ती रजिस्टरं आहेत का?"

"दर दिवाळीला रद्दीत जातात."

"गेलेलीच बरी. त्यात तुम्ही पाहुणेच. दुसरं काय हाय तुमच्याकडं, ज्याच्यावर मे महिन्याची तारीख हाय?"

समाधान म्हणाला, "इमेज आहेत. २०२० सोडून सगळ्या. सोळा."

त्याने समजावून सांगितलं. एकेका इमेजमध्ये लाखभर फाइली, आणि त्या केव्हा बसवल्या त्याची तारीख फाइलीफाइलीवर. सगळ्या मे महिन्याच्या. रणजित पुढे सरकून बसला.

"यादी छापून आणू का?" समाधानने विचारलं.

"यादी कुणीही टाइप करतो. मूळ फाइली पाहिजेत, आख्ख्या. लाखभर तारखा खोट्या कोण रचत बसेल? आणि हे काम कॉलेजात दुसऱ्या कुणाला येत नाही, असं बाई लिहून देतील. काय बाई?"

"आत्ता देते. पेन दे," बाई म्हणाल्या.

अर्जांचा निर्णय करणारी समिती जूनमध्ये बसणार होती. समाधान जिना उतरताना एकदाच म्हणाला, "होईल असं वाटतंय, बाई." एवढंच. घरी गेल्यावर त्याने बायकोला, जयाला, सांगितलं. ती वारज्यात बालवाडी चालवते. ती म्हणाली, "झालं तर मे महिन्यात माझ्या माहेरी जाऊ." म्हणजे जयाने काय मागितलं तर एक मे महिना.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात नवा सर्व्हर आला. जुना बदल्यात द्यायचा होता; मंगळवारी, अठ्ठावीस तारखेला सकाळी अकराला टेम्पो येणार. जुन्याची डिस्क दोन टीबीची, म्हणजे दोन हजार जीबी, नव्याची एकच. ऑफिसचा कागद आला: 'आवश्यक तेवढे नवीन सर्व्हरवर घ्यावे, अनावश्यक काढून टाकावे.' जुनी डिस्क बाहेर जाण्याआधी पूर्ण पुसायची, हा नियम समाधानने स्वतःच बाईंकडून लॅब समितीत मंजूर करून घेतला होता. मुलांचे मार्क असतात त्यात.

शनिवारी बाई लॅबमध्ये आल्या तेव्हा तो आकडे मांडून बसला होता.

"मुलांचे प्रोजेक्ट, निकाल, प्रश्नपेढ्या मिळून साडेआठशे जीबी. यंदाची इमेज पन्नास. एवढं बसतं. जुन्या सोळा बसत नाहीत."

"मग त्या दुसरीकडे ठेव."

"कुठे? मी घरी नेऊ शकत नाही."

"लेका, तुझा पुरावा आहे तो!"

"डेटा कॉलेजचा आहे, बाई. गेटवर सापडला तर मे महिन्यात बाहेरचा माणूस कॉलेजचा डेटा घेऊन चाललेला, असं होईल. त्याचाच पुरावा होईल."

बाईंनी पर्स मांडीवर ओढली. मग त्या म्हणाल्या, "माझ्या डिस्कवर ठेव. मी लॅब समितीवर आहे, माझी पर्स कुणी बघत नाही. सोमवारी सकाळी मंडईत जातेच आहे कैऱ्या आणायला. तपकीर गल्ली, कॉम्प्युटरच्या सामानाची, तिथून दोन पावलांवर. येताना डिस्क घेऊन इकडे येते. किती टीबीची?"

"एक पुरे."

"सकाळीच येते. माझ्याशिवाय काही पुसू नकोस."

"नाही पुसत."

सोमवारी समाधान साडेआठला आला. पाहुण्यांच्या रजिस्टरात नाव लिहिलं. सगळी तयारी करून ठेवली. सामान आवरायचं, भिंत आत आणायची, डिस्क नव्यावर उतरवायची, मग भिंत पुन्हा ताणून नव्या डिस्कच्या कडेपर्यंत न्यायची. मग तपासायचं, सुरू करून बघायचं. शेवटी जुन्या डिस्कवर शून्यं लिहायची, म्हणजे ती पूर्ण पुसली जाते. दोन टीबी शून्यं लिहायला पाच तास. गेट सहाला बंद. सहाच्या आत शून्यं चालू करून गेलं तरच मंगळवारी टेम्पोच्या आधी डिस्क तयार. त्याने मागून मोजत आणलं. एक वाजता सुरुवात केलीच पाहिजे.

दहा वाजले. अकरा वाजले. साडेअकराला त्याने फोन हातात घेतला, बाईंचं नाव काढलं. बाईंचे गुडघे दुखतात. फोन वाजला की त्या आहेत तिथून धावत निघणार, मंडईच्या गर्दीत. त्याने फोन खाली ठेवला. बारा वाजले. त्याने डबा खाल्ला. गवारीची भाजी होती. साडेबाराला त्याने डबा धुतला आणि पालथा घालून ठेवला.

लॅबमधली चाळीस मशीन समोर उभी होती, त्याच आठवड्यात नव्याने लावलेली. प्रत्येकात शंभरभर जीबी मोकळी. सोळा मशीनवर सोळा इमेज सहज बसल्या असत्या. हे त्याला दिसत होतं. तो त्यांच्याकडे बघत बसला आणि एकला पाच मिनिटं असताना खुर्ची सर्व्हरकडे वळवली.

सोळा फाइली पुसायला मिनिटभरसुद्धा लागलं नाही. मग सामान आवरलं, त्याला चाळीस मिनिटं. मग भिंत. मग पडद्यावर बोट ठेवून: "कुठून? एसडीए. कुठे? एसडीबी." पुन्हा एकदा. एंटर. आकडा वर सरकत राहिला. मध्ये शिपाई येऊन पंखा बंद करून गेला, कारण ऑफिसच्या हिशेबाने लॅबमध्ये कुणी नव्हतं. समाधानने उठून पंखा लावला. चार वाजता नवा सर्व्हर सुरू झाला. मुलांचे प्रोजेक्ट उघडत होते. एक निकाल काढून बघितला, २०११ चा. बरोबर होता.

सव्वापाचला शून्यांची कमांड लिहिली. इथे 'कुठून' म्हणजे नुसती शून्यं. त्याने तरी दोनदा वाचलं. एंटर मारला आणि दार लावून घरी गेला.

मंगळवारी साडेआठला पडद्यावर एकच ओळ होती. डिस्क शून्यांनी काठोकाठ भरली की ही कमांड थांबते आणि सांगते, जागा शिल्लक नाही. ते काम पुरं झाल्याचं लक्षण. समाधानने डिस्क काढली, तिच्यावर 'पुसली, २८ मे' अशी चिठ्ठी चिकटवली आणि टेम्पोवाल्याची सही घेतली.

बुधवारी बाई आल्या, हातात काही नव्हतं.

"समाधान, सोमवारी साडेनवालाच गेले रे. दुकान बंद. कैऱ्यांचं ओझं, ऊन, म्हटलं उद्या जाऊ. काल घरी पाहुणे आले. आज जाणारच होते, म्हटलं आधी तुला विचारावं..."

"तपकीर गल्ली अकराला उघडते, बाई."

"तू पुसलंस?"

"हो."

"अरे, एक फोन करायचास!"

"हो."

"या चाळीस मशीनवर ठेवता आलं असतं की नाही? खरं सांग."

"आलं असतं. पण ती मुलांची जागा आहे."

बाई बोलल्या. खूप बोलल्या. इतक्या की शेजारच्या वर्गातून कुणी तरी डोकावून गेलं. समाधान खुर्चीवर बसून ऐकत होता, हात मांडीवर. बाईंचं झाल्यावर त्याने उठून त्यांना पाणी दिलं.

घरी जया बोलली ती वेगळ्या भाषेत. "चड्डीत घालून आणायचं होतं. तिथं बघतात का?"

"सर्व्हरची डिस्क एवढी असते," त्याने हाताने दाखवलं.

"मग स्वतःऐवजी मला पाठवायचं होतं. मी गेटवर त्या वॉचमनला असं काही ऐकवलं असतं की त्यानं डिस्क माझ्या पिशवीत घालून दिली असती." मग ती स्वयंपाकघरात गेली. भीमराव कॉटवर बसून सगळं ऐकत होते. ऐंशीचे झाले होते. ते एवढंच म्हणाले, "चूक केली नाहीस." समाधान "हो" म्हणाला. आतून जयाने पातेलं जरा जोरात ठेवलं.

अठरा जूनला समिती बसली. रणजितने उरलेली एक इमेज आणि बाईंचं पत्र पुढे ठेवलं. अध्यक्ष सौजन्याने बोलणारे होते. त्यांनी समाधानला बसायला सांगितलं.

"ओव्हाळ, मे महिन्यात आपण नेमकं काय करत होतात?"

"लॅब लावत होतो, सर."

"दर वर्षी?"

"एक सोडून."

"याला काही पुरावा?"

"होता."

"होता म्हणजे?"

"मी पुसला, सर."

"का?"

"नियम होता."

अध्यक्षांनी बाजूच्या सदस्याकडे पाहिलं. सदस्यांनी कागदाकडे पाहिलं. रणजितने बाईंचं पत्र पुन्हा पुढे सरकवलं. शेऱ्यात 'सेवेत खंड' असे दोन शब्द आले. त्यात खोटं काही नव्हतं. बाई बाहेर बाकावर बसल्या होत्या. समाधान बाहेर आला आणि म्हणाला, "चला बाई, तुम्हाला रिक्षा बघून देतो." रिक्षावाल्याशी त्यानेच भाडं ठरवलं, बाईंचा पत्ता दोनदा सांगितला.

त्या जूनमध्ये त्याला नेहमीसारखी ऑर्डर मिळाली. त्यापुढच्या जूनमध्ये मिळाली नाही. लॅबचं काम बाहेरच्या कंपनीला गेलं. तिची माणसं मशीन लावायला जुलैत आली आणि पोरांचे पहिले दोन आठवडे बुडाले. समाधान आता मांजरीला असतो. रणजितच्या जमिनीवर जी मोठी सोसायटी झाली, तिथल्या ऑफिसात. कॅमेऱ्यांची रेकॉर्डिंगं सांभाळतो, सभासदांचे कॉम्प्युटर बघतो. बारा महिन्यांची ऑर्डर आहे. यंदा मे महिन्यात जया त्याला माहेरी घेऊन गेली. तो तिथे चार दिवस ओसरीवर बसून होता, मग मेहुण्याच्या मोबाइलमधली जागा मोकळी करून दिली, असं जया सांगत होती.

बाईंनी त्या सोमवारच्या कैऱ्यांचं लोणचं घातलं होतं. चांगलं झालं. त्यांनी एक बरणी समाधानच्या घरी पाठवली. बरणी धुवून, पुसून परत आली. आत साखर भरलेली होती, रिकामी परत करू नये म्हणून.

गणपतीत समाधान आणि जया बाईंकडे आले. बाईंचा कॉम्प्युटर रखडत होता. समाधान बसला, काळा पडदा उघडला, बघितलं.

"डिस्क भरलीय, बाई. जुन्या प्रश्नपत्रिका आहेत सगळ्या."

"त्या पुसायच्या नाहीत."

"पुसत नाही. मोठी डिस्क आणा, मी हीच तिच्यावर उतरवून देतो. पार्टिशन वाढवून देतो. दोनेक तासांचं काम. तुम्हाला कळणारसुद्धा नाही बदलली म्हणून."

"तूच आण ना येताना."

"तुम्ही आणा," तो म्हणाला. आवाज नेहमीचाच होता. खिशातलं पेन काढून त्याने कालनिर्णयाच्या फाटक्या पानामागे लिहून दिलं: 'एक टीबी. तपकीर गल्ली. अकरानंतर.'

जयाने रिकामे कप ट्रेमध्ये ठेवले. बाईंनी चिठ्ठी घडी करून पर्समध्ये ठेवली.

त्यानंतर बाई दोनदा मंडईत गेल्या. एकदा लिंबं आणि मेथी घेतली, एकदा नुसती सीताफळं. दोन्ही वेळा अकरा वाजून गेले होते. दुसऱ्या वेळी त्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेल्याही. दुकान उघडं होतं, बाहेर दोन गिऱ्हाइकं उभी होती. त्या सोमवारी दीड तास थांबायला हवं होतं, हे मनात आलं आणि बाई तिथूनच मागे फिरल्या. चिठ्ठी पर्समध्ये आहे.